कुरणातील शाळा

डहाणूजवळ कोसबाडची टेकडी आहे. तिच्या आसपास वारली लोकांचे पाडे विखुरलेले आहेत. सुमारे सत्तर वर्षांपूर्वी तेथे सकाळ झाली, की आईबाप मजुरीला जात आणि मुलेही कामाला लागत. कोणी गुरे घेऊन कुरणाची वाट धरी. कोणी मोळीसाठी रान धुंडाळी. एखादी चिमुरडी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर घर राखी. अशा मुलांनी शाळेत जावे तरी केव्हा? आणि गेलीच, तर पुस्तकातील भाषा त्यांच्या बोलीहून निराळी! मग मुले शाळेत रमत नसत आणि दोष मात्र त्यांनाच लागे. हा दोष मुलांचा नसून शाळेचा आहे, हे ज्यांनी ओळखले, त्या ताराबाई मोडक होत.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली झाला. स्त्रीशिक्षण दुर्मिळ असण्याच्या त्या काळात १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या त्या प्रमुख झाल्या. हे पद मोठ्या मानाचे होते; परंतु भावनगर येथे गिजुभाई बधेका हे मुलांना न मारता, न दरडावता, खेळातून शिक्षण देत आहेत, असे त्यांना कळले. तेव्हा मानाची नोकरी सोडून १९२३ साली त्या गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला.

शिशुविहार नावारूपास आला. परंतु ताराबाईंच्या मनाला रुखरुख लागून राहिली. शहरातील मुलांची सोय झाली. खेड्यातील गरिबांच्या मुलांचे काय? अखेर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ या तरुण शिक्षिका त्यांच्या साहाय्यास आल्या. तेथे त्यांनी बालवाडी उघडली. पण ज्यांना त्या काळी अस्पृश्य मानीत, त्यांच्या वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. म्हणून दोघी त्या वस्तीत गेल्या. त्यांनी मुलांना न्हाऊमाखू घातले आणि घरासमोरच्या अंगणातच गाणी, गोष्टी व खेळ मांडले. अंगणात भरणारी ही शाळा म्हणजेच अंगणवाडी!

१९५७ साली ताराबाईंनी आपले कार्य कोसबाडला नेले. गुराखी मुले शाळेत येत नाहीत ना? मग शिक्षकच फळा घेऊन कुरणात गेले. गुरे चरत असत आणि झाडाखाली धडे चालत. हीच कुरणशाळा. घर राखणाऱ्या मुलींसाठी बालवाडी, शाळा व पाळणाघर ही एकाच ठिकाणी आणली. धाकटा भाऊ पाळण्यात निजला, की ताई शेजारच्या वर्गात पाटी घेऊन बसे.

शिक्षणाचे महागडे साहित्य खेड्यात कोठून आणावे? ताराबाईंना त्याचे उत्तर रानातच सापडले. मुले खडे व बिया मोजून गणित शिकली, पाने व शिंपले जुळवून आकार आणि रंग ओळखू लागली. झाडे, पाखरे, ऊन, पाऊस हेच त्यांचे पहिले पुस्तक झाले. आपल्याला जे ठाऊक आहे, त्यालाही शाळेत मोल आहे, हे पाहून मुलांची भीड चेपली.

या सेवेबद्दल १९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे अनुताईंनी कोसबाडचे कार्य नेटाने चालविले. १९७५ साली सरकारने लहान मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची योजना देशात सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज कोसबाडपासून दूर, जालना जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातही सकाळी अंगणवाडीतून बालगीतांचे सूर ऐकू येतात. मुलाला शाळेपर्यंत येता येत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत गेले पाहिजे, हा ताराबाईंचा धडा त्या सुरांमागे आहे.