डॉक्टर आनंदीबाई जोशी परदेशात

भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाने एका थोर व्यक्तीची माहिती लिहायची असं वर्गात ठरलं. पुष्कळ मुलांनी शिवाजी महाराज घेतले. मी डॉ. आनंदीबाई जोशी यांची माहिती लिहीत आहे. एक तर त्यांचा आपल्या कोल्हापूरशी संबंध आहे. आणि दुसरं म्हणजे त्या घरापासून फार फार लांब एकट्या राहिल्या.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. त्यांचं माहेर कल्याणचं. माहेरचं नाव यमुना होतं. त्या काळी मुलींची लग्नं लवकर होत असत. यमुनेचं लग्न नवव्या वर्षीच झालं, म्हणजे आपल्या तिसरी-चौथीच्या मुलींएवढी ती होती. नवऱ्याचं नाव गोपाळराव जोशी. ते वयाने बरेच मोठे होते आणि पोस्टात नोकरी करत होते. त्यांनी बायकोचं नाव आनंदी ठेवलं.

गोपाळरावांना बायकोला शिकवायची फार हौस होती. तेव्हा लोक बायकांना शिकवत नसत, म्हणून ही गोष्ट मोठीच आहे. पण आनंदीबाईंनी अभ्यास केला नाही तर ते त्यांना मारायचे, वस्तू फेकायचे. हे मला पटलं नाही. शिकवणारा माणूस चांगला म्हणून मारलेलं चांगलं होत नाही.

आनंदीबाई १४ वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला. तो फक्त १० दिवस जगला. बायकांना तपासायला बाई डॉक्टर नव्हती आणि पुरुष डॉक्टरला बायका दुखणं सांगत नसत. लाजेने कितीतरी बायका तशाच मरत. आमची आजी सांगते की तिच्या वेळीसुद्धा बाळंतपण घरीच व्हायचं आणि सुईण असायची. मग आनंदीबाईंच्या वेळी काय असेल! त्यांनी स्वतःच डॉक्टर व्हायचं ठरवलं.

गोपाळरावांची सारखी बदली व्हायची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा गावी ती दोघं राहिली. मुंबईत आनंदीबाई पुस्तकं घेऊन शाळेत जात तेव्हा लोक हसत आणि काहीजण खडे मारत. म्हणजे आपल्याच मुलखात आपलीच माणसं त्यांना परकं समजत होती. अमेरिका तर पुढेच होती.

गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका पाद्र्याला पत्र लिहिलं होतं, की माझ्या बायकोला शिकायचं आहे, मदत करा. ते पत्र तिथल्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. तिथे त्यांना ते मासिक वाचायला मिळालं. त्या मुलीला मदत करावी असं त्यांच्या मनात आलं. मग दोघींची पत्रं सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. अजून एकमेकींचं तोंडही बघितलं नव्हतं!

तेव्हा गोपाळराव श्रीरामपूरला होते. (हे अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. हे बंगालमध्ये कलकत्त्याजवळ आहे.) बाई एकटी समुद्र ओलांडून जाणार म्हणून लोक नावं ठेवू लागले. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी तिथल्या कॉलेजात सभेत भाषण केलं. मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार असं त्यांनी सगळ्यांपुढे सांगितलं. तेव्हा त्यांना १८ वर्षंही पुरी नव्हती. आपल्याला पंधरा ऑगस्टला चार ओळी बोलताना घाम फुटतो.

मग दागिने विकून पैसे जमवले आणि ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या. गोपाळराव बरोबर नव्हते. आनंदीबाई मांस-मासे खात नसत, म्हणून बोटीवर त्यांचे खाण्याचे हाल झाले. जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोचल्या. कार्पेंटर मावशी त्यांना घरी घेऊन गेल्या. तो उन्हाळा त्यांच्या घरी बरा गेला. त्या घरातली मुलंसुद्धा त्यांच्या ओळखीची झाली.

पुढे फिलाडेल्फिया नावाच्या शहरात बायकांच्या मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. हे कॉलेज १८५० साली निघालं होतं. रेचेल बॉडली या तिथल्या मुख्य बाई होत्या. त्यांनी आनंदीबाईंना पुष्कळ मदत केली.

आता तिथं त्या कशा राहत असतील याचा विचार करा. सगळ्या मुली गोऱ्या, झगे घालणाऱ्या. त्यांच्यात ही एकटी पातळ नेसलेली, कपाळाला कुंकू, हातात बांगड्या. कुठेही गेलं तरी लोक वळून बघणारच. झगा घातला असता तर कोणी बघितलं नसतं, पण आनंदीबाईंनी तो घातला नाही. तिकडे बर्फ पडतो. नऊवारी नेसली की पोटऱ्या उघड्या राहतात, हे मला आजीकडे बघून ठाऊक आहे. म्हणून त्या गुजराती बायकांसारखं पायघोळ पातळ नेसू लागल्या. ते गोपाळरावांना आवडलं नाही. आता इथे बसून त्यांना तिथली थंडी काय कळणार!

जेवणाचंही तसंच. तिथलं जेवण मांसाचं. आपल्यासारखं वरण-भात, भाजी कुठून मिळणार? मिळेल ते थोडंसं खायचं आणि अभ्यास करायचा. काही लोक तुम्ही ख्रिस्ती व्हा म्हणून मागे लागायचे. पण कार्पेंटर मावशींनी कधी तसा आग्रह केला नाही. म्हणून मला मावशी आवडतात.

घरची आठवण यायची तेव्हा पत्र हाच आधार. माझे काका दुबईला आहेत, ते आईशी आणि आजीशी मोबाईलवर चेहरा बघून बोलतात. तरी फोन ठेवला की आजी डोळे पुसते. आनंदीबाईंचं पत्र बोटीने जायचं, त्याला महिना-सव्वा महिना लागायचा. उत्तर यायला पुन्हा तेवढेच दिवस. आणि इतकी वाट बघून गोपाळरावांचं पत्र आलं तर त्यात कधी कधी रागावलेलं असायचं. तेव्हा त्यांना किती वाईट वाटलं असेल! जवळ रडायलासुद्धा आपल्या भाषेतलं कोणी नाही.

पण त्या कॉलेजात परदेशाच्या आणखी मुली होत्या. १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो आहे. बाईंनी तो मला पुस्तकात दाखवला. डावीकडे आनंदीबाई पातळ नेसून बसल्या आहेत. मध्ये जपानच्या केई ओकामी, त्यांच्या अंगात जपानी किमोनो आहे. उजवीकडे सीरियाच्या सबात इस्लामबुली, त्यांच्या देशाच्या पोशाखात. तिघीही आपापल्या घरापासून लांब आलेल्या. हा फोटो मी पुष्कळ वेळ बघितला. कोणीच हसत नाही.

तिथं त्यांची तब्येत बिघडत गेली. अशक्तपणा, ताप, खोकला. पुढे तो क्षय निघाला. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. जुन्या भारतातल्या बाळंतपणाच्या पद्धतींवर त्यांनी निबंध लिहिला होता. समारंभाला गोपाळराव अमेरिकेत आलेले होते आणि पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या. म्हणजे त्या दिवशी मराठीत बोलायला माणसं होती. त्याच वर्षी बंगालच्या कादंबिनी गांगुलीसुद्धा कलकत्त्यात शिकून डॉक्टर झाल्या.

आता कोल्हापूरची गोष्ट. आनंदीबाई अमेरिकेत असतानाच कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाच्या मुख्य डॉक्टर नेमलं. हे हॉस्पिटल म्हणजेच आताचं सी.पी.आर. आपल्या गावातल्या पुष्कळ बायका तिथं जातात. पण त्यांना किंवा आम्हांला हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून पालकांनो, तुम्ही हे घरी जरूर सांगा.

१८८६ च्या अखेरीला आनंदीबाई परत आल्या. जे लोक आधी नावं ठेवत होते त्यांनीही मोठं स्वागत केलं. पण तेव्हा त्यांच्या अंगात उभं राहायची ताकद नव्हती. पुण्यात औषधपाणी केलं. आता आपल्या घरचं, आपल्या चवीचं जेवण मिळत होतं, पण ते जात नव्हतं. कोल्हापूरला त्या कामावर येऊ शकल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. त्यांना २२ वर्षं पुरी व्हायला एक महिना होता. भाषणात सांगितल्याप्रमाणे त्या हिंदू म्हणून गेल्या आणि हिंदू म्हणूनच परत आल्या होत्या.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पुकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या आणि वर दगड बसवला. दगडावर त्यांचं नाव इंग्रजीत लिहिलेलं आहे. आजूबाजूला सगळी मावशींच्या नात्यातली माणसं आहेत.