विश्लेषण : कोंबडीविना पिल्ले उबवण्याची विद्या घराघरांत नेऊ पाहणारे रेओम्यूर कोण होते?

थर्माकोलची पेटी, एक-दोन बल्ब, छोटा पंखा, पाण्याची वाटी आणि तापमान राखणारा कंट्रोलर. एवढ्या सामानात २१ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गावठी कोंबड्या पाळणाऱ्या घरांना हे यंत्र मोहात पाडते, यात नवल नाही. खुडूक कोंबडी एका वेळी दहा-बारा अंड्यांवरच बसते आणि तेवढे दिवस तिचे अंडी देणे बंद असते. अंडी यंत्रात गेली तर कोंबडी लवकर पुन्हा अंड्यावर येते. मात्र पेटी गरम असूनही अंडी नासतात, पूर्ण वाढलेली पिल्ले कवचातच मरतात. या अडचणी नव्या नाहीत. पावणेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील एका नामवंत शास्त्रज्ञाने त्यांच्याशीच झुंज दिली होती.

हे रेओम्यूर कोण?

रेने आंत्वान फेर्शो द रेओम्यूर यांचा जन्म २८ फेब्रुवारी १६८३ रोजी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ला रोशेल या बंदराच्या शहरात झाला. वडील ते तान्हे असतानाच वारले. कायद्याचे शिक्षण घेतलेला हा तरुण १७०३ मध्ये पॅरिसला आला आणि गणितात रमला. अवघ्या पाच वर्षांत, १७०८ मध्ये, त्यांना तेथील विज्ञान अकादमीत प्रवेश मिळाला. पुढे देशातील कारागिरांच्या धंद्यांची शास्त्रीय माहिती नोंदवण्याचे काम अकादमीने त्यांच्याकडे सोपवले आणि त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. लोहार, कथील चढवणारे, काच ओतणारे यांच्या कामात ते शिरले. लोखंडापासून पोलाद कसे बनते यावरचे त्यांचे पुस्तक १७२२ मध्ये निघाले. त्याबद्दल सरकारने त्यांना वर्षाला १२ हजार लिव्र इतके मानधन दिले. आपल्यामागे ही रक्कम अकादमीच्या संशोधनाला मिळावी, अशी व्यवस्था त्यांनी करवून घेतली.

गांधीलमाशी लाकडाचा चोथा करून कागदासारखे घर बांधते, हे पाहून कागद चिंध्यांऐवजी लाकडापासून बनवता येईल, असे त्यांनी १७१९ मध्येच मांडले. कीटकांवरील त्यांचे सहा खंड १७३४ ते १७४२ या काळात प्रसिद्ध झाले. तरीही सामान्य लोकांत त्यांचे नाव झाले ते तापमापकामुळे. १७३० च्या सुमारास त्यांनी मद्यार्काचा तापमापक तयार केला. त्यावर पाणी गोठण्याचा बिंदू शून्य होता आणि उकळण्याचा ८०. हे मापक फ्रान्समध्ये आणि युरोपच्या बऱ्याच भागांत पुढे शंभराहून अधिक वर्षे वापरात होते.

अंडी उबवण्याकडे ते का वळले?

इजिप्तमुळे. तेथे शेकडो वर्षांपासून मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवली जात. खालच्या खणात चटईवर अंडी, वरच्या खणात शेण आणि भुशाचा मंद विस्तव अशी साधारण रचना असे. तापमापक नव्हता. अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ऊब ओळखायची, ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. भट्टीवाला अंडी घेई आणि त्यांच्या दोन-तृतीयांश पिल्ले परत देण्याची हमी देई. जास्त निघाली तर ती त्याची.

प्रवाशांकडून या भट्ट्यांची वर्णने युरोपात पोहोचली होती. पिरॅमिडपेक्षा या भट्ट्यांचाच इजिप्तला अधिक अभिमान वाटायला हवा, असे रेओम्यूर यांचे मत होते. मात्र इजिप्तची भट्टी फ्रान्समध्ये जशीच्या तशी चालणार नव्हती. तिला गावोगावची अंडी एका जागी आणावी लागत. हवामानही वेगळे होते. लहान शेतकऱ्याला आपल्याच परसात, आपल्याच अंड्यांवर, कोणत्याही ऋतूत वापरता येईल असे साधन त्यांना हवे होते. हातात अचूक तापमापक होता. आता कोंबडीची ऊब मोजायची आणि तेवढीच पेटीत राखायची, एवढेच काम उरले आहे असे दिसत होते.

पहिले प्रयोग का फसले?

ऊब मिळवण्याचा सर्वात स्वस्त मार्ग त्यांनी निवडला. घोड्यांची लीद कुजताना गरम होते. लिदीच्या ढिगात लाकडी पिंपे पुरून त्यांत अंड्यांच्या टोपल्या ठेवल्या. तापमान जमले, पण गर्भ मेले. दोष लिदीतून उठणाऱ्या वाफेचा होता. ती पिंपात साठत होती आणि अंड्यांना गुदमरवत होती.

अंड्याचे कवच बंद डबी नाही. त्यावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते आणि प्राणवायू आत येतो. रेओम्यूर यांना ही गोष्ट दुसऱ्या प्रयोगांतूनही ठाऊक होती. खाण्याची अंडी टिकवण्यासाठी त्यांनी कवचावर चरबी किंवा वार्निश लावून पाहिले होते. छिद्रे बुजली की अंडे कितीतरी अधिक दिवस ताजे राहते. जे खाण्याच्या अंड्याला तारक, तेच उबवायच्या अंड्याला मारक. मग त्यांनी पिंपांना आतून लेप देऊन लिदीची वाफ अडवली आणि झाकणाला उघडझाप करता येणारी भोके ठेवली. पिल्ले निघू लागली.

दुसरा मार्ग पावाच्या भट्टीचा. भट्टीच्या वरची खोली रोजच्या भाजणीने आपोआप तापते. पॅरिसमधील एका मठात अशी खोली त्यांनी उबवणीसाठी वापरली आणि तिची देखरेख तेथील जोगिणींनी केली. इंधनाचा वेगळा खर्च नाही, फक्त दारे-झरोके कमी-जास्त उघडून ताप सांभाळायचा.

तापमापक नसेल तर काय?

त्या काळी तापमापक ही श्रीमंतांच्या घरची वस्तू होती. म्हणून रेओम्यूर यांनी लोणी आणि जनावराची चरबी यांचे मिश्रण लहान बाटलीत भरून अंड्यांशेजारी ठेवण्याची युक्ती सांगितली. प्रमाण असे की उबवणीच्या उष्णतेला ते दाट पाकासारखे वाहू लागावे. घट्ट झाले तर ऊब कमी, तेलासारखे पातळ झाले तर जास्त. तापमापकाच्या शोधासाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाने आपल्या उपकरणाचा आग्रह न धरता स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी काम भागवले.

कोंबडीची ऊब त्यांनी आपल्या मापकावर ३२ अंश ठरवली होती. नंतरच्या काळातील हिशेबाने ते ४० सेल्सिअस होतात. मात्र त्यांचा मूळ मद्यार्काचा मापक आणि पुढे त्यांच्या नावाने चाललेला पाऱ्याचा मापक यांत फरक होता. त्यामुळे हा आकडा आजच्या पेटीला लावू नये. आज पंख्याच्या पेटीत ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस हे प्रमाण मानले जाते.

पिल्ले निघाल्यावर काम संपते का?

नाही, हे रेओम्यूर यांनी ओळखले होते. आईविना निघालेली पिल्ले थंडीने मरत. त्यासाठी त्यांनी लोकरीचे मेंढ्याचे कातडे आतून लावलेली, उतरत्या छपराची बुटकी पेटी बनवली. तिला ते कृत्रिम आई म्हणत. पिल्ले तिच्याखाली शिरत आणि पाठीला लोकरीचा स्पर्श मिळाला की शांत होत. पाळीव पक्षी उबवणे व वाढवणे या विषयावरचे त्यांचे पुस्तक १७४९ मध्ये दोन खंडांत निघाले आणि पुढच्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर आले.

मग ही पद्धत घरोघरी का पोहोचली नाही?

कारण रात्र. लिदीचा ढीग थंड पडत जातो, पाऊस पडला की ताप बदलतो, आणि २१ दिवस कोणीतरी जागे राहावे लागते. रेओम्यूर यांच्या पद्धतीत तापमान मोजले जात होते, पण ते आपोआप राखले जात नव्हते. हा तुकडा नंतर जोडला गेला. फ्रान्समध्येच बोनमँ यांनी १७७७ च्या सुमारास गरम पाण्याच्या नळ्यांवर चालणारे आणि उष्णता स्वतःच कमी-जास्त करणारे यंत्र दाखवले. इंग्लंडमध्ये चार्ल्स हिअर्सन यांनी १८८१ मध्ये उष्णतेने फुगणाऱ्या लहान डबीवर चालणारा नियंत्रक बनवला आणि घरगुती इन्क्युबेटर खऱ्या अर्थाने वापरण्याजोगे झाले. आजचा आकडे दाखवणारा कंट्रोलर त्याच कामासाठी आहे.

रेओम्यूर यांना ते पाहायला मिळाले नाही. अखेरच्या वर्षांत ते पक्ष्यांच्या पचनावर प्रयोग करत होते. पाळलेल्या घारीला भोके असलेल्या धातूच्या नळीतून मांस गिळायला लावून, पोटात अन्न दळले जात नाही तर विरघळते, हे त्यांनी १७५२ मध्ये दाखवले. १७ ऑक्टोबर १७५७ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, घोड्यावरून पडल्यानंतर त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते.

शहापूर-मुरबाडच्या हवेत त्यांचा धडा कसा लागू पडतो?

पहिली गोष्ट आर्द्रतेची. पहिले १८ दिवस पेटीत साधारण ५० ते ५५ टक्के आर्द्रता लागते, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. पावसाळ्यात बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असते. तीच हवा पेटीत ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता सुमारे ५३ टक्क्यांवर येते. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये पहिले १८ दिवस पाण्याची वाटी जवळजवळ नकोच. एखाद्याने एप्रिलच्या सवयीने ती भरून ठेवली तर अंड्यातले पाणी पुरेसे उडत नाही, आतली हवेची पोकळी लहान राहते आणि तयार पिल्लू कवच फोडण्याआधीच गुदमरते. रेओम्यूर यांच्या पिंपात वाफ लिदीची होती, इथे ती वाटीतल्या पाण्याची आहे. उलट कोरड्या उन्हाळ्यात वाटी रिकामी राहिली तर पडदा सुकून पिल्लाला चिकटतो.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. घरगुती पेटी फक्त तापवते, थंड करत नाही. ताप वाढला की कंट्रोलर बल्ब बंद करतो, त्यापलीकडे त्याच्या हातात काही नसते. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ४० अंश झाले तर पेटीही तेथेच पोहोचते. शिवाय दुसऱ्या निम्म्या काळात वाढणारे गर्भ स्वतः उष्णता सोडू लागतात. थोडी थंडी गर्भ सोसतो, जास्त ताप मात्र लवकर मारतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पेटी घरातल्या सर्वात थंड, कौलारू किंवा मातीच्या भिंतीच्या खोलीत हवी आणि तिची भोके कधीही बुजवू नयेत.

तिसरी गोष्ट मोजमापाची. स्वस्त कंट्रोलरचा आकडा एखाद्या अंशाने चुकलेला असू शकतो आणि २१ दिवस तो एक अंश भारी पडतो. लोण्याच्या बाटलीच्या जागी आज साधा ताप मोजायचा थर्मामीटर उपयोगी पडतो. अंडी ठेवण्यापूर्वी पेटी एक दिवस रिकामी चालवून दोन्ही आकडे जुळवून घ्यावेत.

वीज गेली तर?

तासाभराच्या खंडाने सहसा सगळी अंडी वाया जात नाहीत. झाकण न उघडता पेटीवर गोधडी टाकावी, पण हवेची भोके मोकळी सोडावीत. खंड लांबला तर वाफ धरू न देता गरम पाण्याच्या बंद बाटल्या पेटीत ठेवता येतात. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या पाड्यावर इन्व्हर्टर किंवा बॅटरी नसेल तर पहिली खेप दिवाळीनंतर लावलेली बरी.

अंडी कोणती आणि किती?

सात दिवसांहून जुनी नकोत. फ्रिजमधली, धुतलेली, तडा गेलेली नकोत. कोंबडा सोबत नसलेल्या कोंबड्यांची अंडी फलित नसतात, त्यातून काही निघत नाही. रोज तीन ते पाच वेळा अंडी फिरवावीत आणि १८ व्या दिवशी थांबवावे. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून पाहिले की शिरांचे जाळे असलेले अंडे जिवंत, कोरे असेल ते काढून टाकावे.

दहा घरांची अंडी एका पेटीत आणताना आणखी एक जोखीम असते. रोगही एकत्र येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा परिसरातील सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचे आदेश निघाले होते. कोंबड्या मरत असलेल्या घरातील अंडी घेऊ नयेत. प्रत्येक खेपेनंतर पेटी जंतुनाशकाने पुसून उन्हात वाळवावी. मानमोडीची लस पिल्लांना पहिल्याच आठवड्यात लागते. ती तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवावी.

आणि कृत्रिम आईचे काय?

घरच्या उबवणीचा हिशेब सर्वात जास्त इथेच बिघडतो. ५० पिल्ले निघाली तरी डालग्याखाली ठेवायला आई नसते. पहिला आठवडा बल्बखाली ३२ ते ३५ अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला पळून चोच उघडी ठेवत असतील तर ताप जास्त आहे. एखादी खुडूक कोंबडी घरात असेल तर पिल्ले निघण्याच्या सुमारास तिला अंड्यांवर बसवून ठेवावे आणि रात्रीच्या अंधारात काही पिल्ले तिच्या पंखाखाली सरकवावीत. बऱ्याच गावठी कोंबड्या ती स्वीकारतात. तेवढ्या पिल्लांचे तरी विजेचे बिल वाचते आणि घार-मुंगसापासून राखणही होते.

म्हणून पहिल्या खेपेला पेटीत मावतील तेवढी अंडी न भरता, जेवढ्या पिल्लांना महिनाभर ऊब, खाद्य आणि राखण देता येईल तेवढीच लावावीत.