शिरढोणचा वासुदेव आणि पाच टक्क्यांची हमी

पनवेलच्या आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात तुम्ही कधीतरी नाटक पाहिलं असेल. गोवा हायवेवरून कर्नाळ्याकडे जाताना शिरढोणची पाटीही दिसली असेल. फडक्यांबद्दल शाळेत दोन ओळी पाठ केल्या, इंग्रजांविरुद्ध बंड आणि एडनच्या तुरुंगात मृत्यू, की झालं. पण हा माणूस नोकरीनं कारकून होता आणि आयुष्यभर सरकारी हिशेबाच्या आसपास वावरला, हे फारसं कोणी सांगत नाही. त्याच्या गोष्टीत एक प्रश्न दडलाय, जो आज तळोजा एमआयडीसीबद्दलही विचारता येईल : सरकारनं कंपन्यांना सवलती द्याव्यात का, आणि दिल्या तर त्यांचं बिल कोण भरतं?

४ नोव्हेंबर १८४५ ला शिरढोणमध्ये वासुदेव जन्मला. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, असं सांगितलं जातं. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि किल्लेदारीही गेली. नातवाला इंग्रजी शिकून नोकरी शोधणं भाग होतं. तो मुंबईला गेला आणि चिकटला कुठे, तर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत. म्हणजे जीआयपी, आजच्या मध्य रेल्वेची पणजी.

आता ही कंपनी उभी कशी राहिली, ते बघा. १८४९ मध्ये तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. जमीन फुकट, ९९ वर्षांसाठी. भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी. कंपनीची कमाई त्याहून कमी पडली, तर फरक सरकार भरणार, म्हणजेच हिंदुस्थानातला करदाता. कमाई जास्त झाली, तर वरचा नफा वाटून घ्यायचा. आणि कंपनीला नको वाटलं, तर सहा महिन्यांची नोटीस देऊन रेल्वे सरकारच्या गळ्यात घालायची नि भांडवल परत घ्यायचं.

समजा, तुमच्या मित्रानं स्टेशनबाहेर वडापावची गाडी टाकली. महापालिका त्याला म्हणाली, जागा फुकट घे, धंदा चालो न चालो, तुला ठरलेला नफा आम्ही देतो आणि कंटाळलास तर सगळे पैसे परत. तो तेल जपून वापरेल का? रेल्वेचं तेच झालं. हमीच्या रेल्वेमार्गांचा सुरुवातीचा अंदाज मैलाला ८ हजार पौंडांचा होता, प्रत्यक्षात खर्च दुपटीच्या पुढे गेला. जितका खर्च जास्त, तितक्या मोठ्या रकमेवर ५ टक्के. मग काटकसर करायची कोणी आणि कशाला?

पनवेलच्या वाट्याला काय आलं?

रेल्वे वाईट होती का? मुळीच नाही. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाटातला मार्ग खुला झाला आणि मुंबई-पुणे प्रवासाचे दिवस तासांवर आले. पण फायदा सगळ्यांना सारखा मिळाला नाही. त्याआधी घाटावरचा माल बोरघाटातून बैलगाड्यांनी पनवेलला उतरायचा आणि खाडीतून पडाव-गलबतांनी मुंबईला जायचा. १८५२ मध्येच नगरपालिका मिळालेलं हे गाव उगीच भरभराटीला आलं नव्हतं. रेल्वेनं तो माल कर्जत-कल्याणकडून वळवला. पनवेलला स्वतःची रेल्वे मिळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. कर मात्र पनवेलकरही भरत होतेच. सवलत देताना सरकार नुसते पैसे वाटत नाही, कोणाचा धंदा चालणार आणि कोणाचा बसणार, हेही ठरवतं.

फडके रेल्वेत रमले नाहीत. पुढे ते लष्कराच्या हिशेब खात्यात लागले आणि १८६५ मध्ये पुण्याला गेले. १८७० मध्ये आई आजारी पडली, साहेबानं रजा दिली नाही, आणि ते पोहोचेपर्यंत आई गेली होती. ही जखम कायम राहिली. पुण्यात त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्यानं ऐकली, ज्यांत देशाचा पैसा कसकसा बाहेर जातो, याचा हिशेब असे. लहुजी वस्तादांच्या तालमीत दांडपट्टा शिकले. भावे आणि इंदापूरकर यांच्यासोबत शाळा उभारण्यातही त्यांचा हात होता. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ती हीच.

दुष्काळ आणि दोन हिशेब

१८७६ मध्ये पाऊस दगा देऊन गेला. दख्खनचा तो दुष्काळ १८७८ पर्यंत चालला आणि ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली. रेल्वेनं दुष्काळी भागात धान्य आणलं, हे खरं. पण विकत घ्यायला लोकांच्या हातात पैसा नव्हता आणि देशातून धान्याची निर्यातही चालूच होती. दुष्काळी कामांवरच्या मजुराची रोजी रिचर्ड टेंपल यांनी कापून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी रोकड एवढ्यावर आणली. पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही. तेही दिवसभर खडी फोडून. हेच टेंपलसाहेब १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. फडक्यांनी दुष्काळी मुलखात फिरून हे सगळं स्वतः पाहिलं.

त्याच वर्षांतला तिजोरीचा हिशेब काय सांगतो? दुष्काळासाठी निधी हवा म्हणून १८७८ मध्ये व्यापारी आणि छोट्या धंदेवाल्यांवर लायसन्स टॅक्स बसला. सुरतेत त्यावरून दंगल झाली. मुंबई इलाख्यात मिठावरचा करही वाढला. पेण-उरणची मिठागरं तुम्हाला माहीत आहेत, म्हणजे मीठ जिथं पिकतं तिथंच ते महाग झालं. आणि मार्च १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी आपल्याच कौन्सिलमधल्या बहुमताला डावलून विलायतेच्या जाड्याभरड्या सुती कापडावरची आयात जकात माफ केली. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना करमाफी आणि इथल्या दुकानदाराला नवा कर, दोन्ही वर्षभराच्या अंतरात. रेल्वेच्या हमीचं व्याज तर पहिल्यापासून चालूच होतं.

जकात माफ होण्याच्या काही आठवडे आधीच फडक्यांनी हत्यार उचललं होतं. फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशी साथीदारांना घेऊन त्यांनी शिरूरजवळच्या धामारी गावावर पहिला छापा घातला. पुढे जाहीरनामा काढून त्यांनी गोरगरिबांना काम द्या, कर कमी करा, अशा मागण्या केल्या आणि खुद्द गव्हर्नरच्या डोक्यावर इनाम लावलं.

मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक कोकणात उतरले आणि त्यांनी पळस्पे व चिखली इथं मोठी लूट केली. हो, आपलं पळस्पे, जिथल्या फाट्यावर तुम्ही गाडीची वाट बघत उभे राहता. परतताना घाटात मेजर डॅनियलच्या तुकडीनं त्यांना गाठलं आणि दौलतराव मारले गेले.

इथं एक कडू गोष्ट बोललीच पाहिजे. लुटले गेले ते गावातले धनिक. ५ टक्के हमीचे शेअर बाळगणारे लंडनमध्ये सुखरूप होते. बंडाची तलवार त्यांच्यापर्यंत पोहोचणं शक्यच नव्हतं. पैसा कोणत्या करारानं बाहेर जातोय, हे ज्याला विचारता येत नाही, त्याचा राग जवळ दिसेल त्यावर निघतो.

जुलै १८७९ मध्ये विजापूरकडच्या देवर नावडगी गावाजवळ फडके पकडले गेले. पुण्यातल्या खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं, पण शिक्षा जन्मठेपेची झाली. १८८० मध्ये त्यांना एडनला नेलं. तिथल्या कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून ते पळाले आणि पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनमध्येच त्यांचा अंत झाला. वय अवघं ३७. जीआयपीची हमी मात्र त्यानंतरही चालू राहिली आणि १९०० मध्ये सरकारनं ती रेल्वे विकत घेतली.

मग आजचं काय?

आज राज्य स्वतःचं आहे, हा फार मोठा फरक. महाराष्ट्रात १९६४ पासून उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. मागास तालुक्यात कारखाना काढला तर जास्त सवलत, राज्याच्या जीएसटीचा परतावा, वीज शुल्कात आणि मुद्रांक शुल्कात माफी, असं तिचं स्वरूप. हेतू चांगला आहे. जिथं कोणी जात नाही तिथं कारखाना नेला आणि पोरांना काम मिळालं, तर दिलेला पैसा वसूल होतो. पण जो कारखाना सवलत नसती तरी तळोज्यात आलाच असता, त्याला दिलेला रुपया वाया गेला. तोच रुपया रस्ता, पाणी किंवा आयटीआयवर खर्च करता आला असता. २०१९ मध्ये केंद्रानं कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडत असल्याचं सरकारनंच सांगितलं होतं.

तेव्हा सवलत चांगली की वाईट, असा वाद घालत बसू नका. प्रत्येक सवलतीला चार प्रश्न विचारा. काय दिलं? बदल्यात किती नोकऱ्या किंवा किती गुंतवणूक ठरली? किती वर्षांसाठी? आणि कबूल केलेलं झालं नाही, तर पैसे परत घेणार का? १८४९ च्या करारात धोका सगळा करदात्याचा आणि निर्धास्तपणा सगळा कंपनीचा होता. ज्या सवलतीत कंपनीचं स्वतःचं काहीच पणाला लागलेलं नसतं, ती बहुतेक वेळा महागात पडते.

हे प्रश्न आपल्या भागात याआधी विचारले गेलेत. पेण, उरण, पनवेलच्या जमिनीवर करसवलतींचा महामुंबई सेझ होणार होता. सप्टेंबर २००८ मध्ये पेणच्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं, त्यांनी विरोध केला, आणि तो सेझ काही झाला नाही. एकही तलवार उपसावी लागली नाही.

कारकून फडक्यांकडे मत नव्हतं, माहितीचा अधिकार नव्हता, प्रश्न विचारायला आमदारही नव्हता. तुमच्याकडे तिन्ही आहेत. केंद्राच्या बजेटबरोबर करसवलतींमुळे किती महसूल सुटला, याचं विवरणपत्र निघतं. ते या वर्षी एकदा उघडून बघा, आणि तळोज्यातल्या सवलतींचे आकडे हवे असतील, तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो.