प्लुटोनियमची सिद्धता आणि डॉ. होमी भाभा

निसर्गात मुबलक आढळणाऱ्या मूलद्रव्यांची मालिका ९२ अणुक्रमांकाच्या युरेनियमपाशी संपते. त्यापुढील मूलद्रव्ये मानवाला घडवावी लागतात. आज ही मालिका ११८ पर्यंत पोहोचली आहे. यांपैकी ९४ व्या क्रमांकाचे प्लुटोनियम भारतात सिद्ध व्हावे, याचा पाया डॉ. होमी जहांगीर भाभा यांनी घातला.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मलेले भाभा केंब्रिजमध्ये शिकले. विश्वकिरणांवरील संशोधनाने त्यांना कीर्ती लाभली. १९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले आणि महायुद्धामुळे येथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले.

दरम्यान, १९४१ मध्ये अमेरिकेत ग्लेन सीबोर्ग व सहकाऱ्यांनी प्लुटोनियमचे रासायनिक वर्तन इतर ज्ञात मूलद्रव्यांहून निराळे असल्याचे दाखवून त्याचे अस्तित्व सिद्ध केले होते. युरेनियम-२३८ च्या अणुकेंद्रकाने न्यूट्रॉन सामावून घेतला की त्याचे प्रथम नेपच्युनियममध्ये व पुढे प्लुटोनियममध्ये रूपांतर होते. भारतात युरेनियम थोडे आणि थोरियम विपुल. म्हणून भाभांनी तीन टप्प्यांची योजना आखली. पहिल्या टप्प्यात मिळणारे प्लुटोनियम दुसऱ्या टप्प्याचे इंधन ठरणार होते आणि अखेरीस थोरियमचा मार्ग मोकळा होणार होता.

१९५६ मध्ये ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली, तर १९६० मध्ये कॅनडाच्या सहकार्याने 'सायरस' कार्यान्वित झाली. मात्र वापरलेले इंधन तीव्र किरणोत्सारी असल्याने त्यातून प्लुटोनियम वेगळे काढणे जोखमीचे होते. १९६४ मध्ये होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या प्रकल्पाने हे कठीण काम साध्य केले.

हे मूलद्रव्य वीजही देते आणि संहारही घडवते. ट्रॉम्बेचेच प्लुटोनियम पुढे १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरले गेले. ते पाहण्यास भाभा हयात नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचे निधन झाले. १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. थोरियमपर्यंत पोहोचण्याचे त्यांचे उद्दिष्ट मात्र अद्याप पूर्णत्वास गेलेले नाही.