एक्की सोलकरांचे ५३ झेल
एकनाथ सोलकर जन्मले १९४८ साली, मुंबईत. वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. कुटुंब तिथेच एका खोलीत राहायचं. पुढे एक्कींनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले, तेही फलंदाजाच्या पुढ्यात, शॉर्टलेगला, हेल्मेटशिवाय! १९७१ मध्ये ओव्हलवर दुसऱ्या डावात नॉटचा झेल त्यांनी सूर मारून टिपला, आणि आपण इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच कसोटी जिंकलो.

इथे उंटरश्लाइसहाइममध्ये दिवसभर डेटाबेसशी झटापट करणारा माणूस म्हणून सांगतो, त्या ५३ वर फार विसंबू नका. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट नसते तर एवढ्या संधी आल्याच नसत्या. उलट त्यांच्या धाकाने बिचकून फलंदाज दुसऱ्याच टोकाला बाद झाले, त्याला स्कोअरबुकात रकानाच नाही!

२००५ मध्ये, ५७ व्या वर्षी, सोलकर मुंबईतच वारले.