टोलनाक्यावरची रांग आणि नीगोर यांचा प्रश्न

पुलावरच्या टोलनाक्यावर वाहनांची रांग लागली आहे. रांगेत ट्रक आहेत, बसही आहेत. टोल घेणाऱ्याच्या दृष्टीने सगळी वाहनेच. पण ट्रकमध्ये माल भरलेला असतो आणि बसमध्ये प्रवासी बसलेले असतात. जे सारखे आहे ते एकदाच सांगायचे आणि जे वेगळे आहे तेवढेच वेगळे सांगायचे, हे संगणकाला कसे समजवावे? १९६६ च्या अखेरीस ओस्लोतील नॉर्वेजियन संगणन केंद्रात दोन माणसे या प्रश्नाशी झुंजत होती. एक उले-योहान दाल आणि दुसरे क्रिस्टेन नीगोर. त्यांना सापडलेल्या उत्तरावर आज जगातले बरेचसे सॉफ्टवेअर उभे आहे. मात्र नीगोर यांची ओळख तेवढ्यावर संपत नाही.

नीगोर यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ चा, ओस्लोचा. शिक्षण गणिताचे. १९४८ मध्ये ते नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत दाखल झाले. देशाची पहिली अणुभट्टी तेव्हा उभी राहत होती आणि इंधनात न्यूट्रॉन किती शोषले जातील याचे गणित हवे होते. नेहमीच्या पद्धतीने ते हिशेब फारच किचकट होत होते. मग एकेका न्यूट्रॉनचा प्रवास कल्पायचा, प्रत्येक वळणावर जणू फासे टाकून पुढची दिशा ठरवायची आणि अशा अनेक प्रवासांची सरासरी काढायची, ही माँटे कार्लो पद्धत नीगोर यांनी वापरली. हाताशी संगणक नव्हता, सगळी आकडेमोड माणसांनीच केली.

पुढे ते लष्करासाठी कार्यप्रणालींचा अभ्यास करू लागले. एखादे काम प्रत्यक्षात कसे चालते, कुठे खोळंबते, कोण कोणाची वाट पाहते, हे कागदावर मांडायचे आणि त्यावरून अंदाज बांधायचे. हेच काम त्यांनी १९६० नंतर संगणन केंद्रात कारखान्यांसाठी, वाहतुकीसाठी सुरू ठेवले. अडचण एकच होती. रांगा, यंत्रे, माणसे यांचे वर्णन करायला धड भाषाच नव्हती. त्या काळच्या प्रोग्रॅममध्ये माहिती एका बाजूला आणि तिच्यावर चालणाऱ्या आज्ञा दुसऱ्या बाजूला असत. खरे जग असे विभागलेले नसते. रांगेतल्या ट्रकला स्वतःचे वजन असते आणि स्वतःची वागणूकही.

म्हणून दाल यांच्या साथीने त्यांनी सिम्युला ही भाषा रचली. त्यासाठी लागणारा मोठा संगणक परवडण्यासारखा नव्हता. युनिव्हॅक कंपनीने तो सवलतीत दिला आणि बदल्यात या नव्या भाषेची व्यवस्था मागितली. १९६५ च्या सुरुवातीस पहिली सिम्युला वापरात आली. तिच्यात प्रत्येक वस्तूची माहिती आणि तिची वागणूक एकाच गाठोड्यात बांधलेली होती. तरी टोलनाक्याचा पेच उरलाच होता. तो सुटला आधी वाहन नावाचा एक सर्वसाधारण वर्ग ठरवून. मग ट्रक आणि बस यांना त्याचे उपवर्ग मानायचे. वाहनाचे गुण त्यांना आपोआप मिळतील, स्वतःचे तेवढे त्यांनी जोडायचे.

ही चर्चा शांतपणे झाली नाही. १९६७ च्या वसंतात केंद्रात नव्याने लागलेली एक कर्मचारी घाबरून टेलिफोन ऑपरेटरकडे धावली. वरच्या मजल्यावर फळ्यासमोर दोन पुरुष जोरजोरात भांडत आहेत, काय करावे, अशी तिची विचारणा. ऑपरेटरने बाहेर जाऊन क्षणभर कान दिला आणि दाल व नीगोर सिम्युलावर बोलत आहेत, एवढेच सांगून तिला निश्चिंत केले. त्याच वर्षी मे महिन्यात ओस्लोजवळ लिसेबू येथील परिषदेत दोघांनी वर्ग आणि उपवर्गांची कल्पना मांडली. ॲलन के यांच्या स्मॉलटॉकमध्ये आणि बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांच्या सी प्लस प्लसमध्ये सिम्युलाचा वारसा स्पष्ट दिसतो.

पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात. मला मात्र पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. कारखान्याचे नेमके वर्णन करता आले की तो हवा तसा बदलताही येतो. कुणाच्या सोयीने? सिम्युला वापरून कामाची आखणी होऊ लागली, तसे नीगोर यांच्या ध्यानात आले की या आराखड्यात कामगार हाही एक घटक म्हणूनच येतो आणि वर्णन करणारे सगळे व्यवस्थापनाच्या बाजूला बसलेले असतात. काम अधिक नीरस होईल, निर्णय कामगाराच्या हातून निसटतील आणि त्याला आपले साधन कारणीभूत असेल, ही बोचणी त्यांना लागली. आपल्याच शोधाकडे अशा नजरेने पाहणारे शास्त्रज्ञ फार आढळत नाहीत.

१९७० च्या सुमारास त्यांनी लोह व धातू कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेबरोबर प्रकल्प आखला. पहिला आराखडा चाकोरीतला होता. तज्ज्ञांनी पाहणी करायची आणि अहवाल लिहायचा. अशा अहवालाने कामगारांच्या हाती काही पडणार नाही, हे लवकरच उमगले आणि उद्दिष्टच बदलले. संघटनेने स्थानिक किंवा राष्ट्रीय पातळीवर प्रत्यक्ष जी कृती केली, तोच प्रकल्पाचा निष्कर्ष मानायचा. मग कारखान्यांतील कामगारांचे अभ्यासगट बसले. संगणकावर चालणारे नियोजन आणि नियंत्रण समजावणारे पाठ्यपुस्तक त्यांच्यासाठी लिहिले गेले. आपल्या खात्यात काय बसवले जाते आहे, हे विचारण्याइतके ज्ञान त्यांच्याकडे आले.

यातून संगणकप्रणालीबाबत कामगार आणि मालक यांच्यात करार होऊ लागले. १९७५ मध्ये दोन्ही बाजूंच्या मध्यवर्ती संघटनांनी देशपातळीवर करार केला. कामगारांना या विषयासाठी स्वतःचा प्रतिनिधी निवडण्याची सोय झाली. १९७७ च्या नॉर्वेच्या कार्यपरिसर कायद्यातही नियोजन आणि नियंत्रणाच्या प्रणालींची माहिती मिळण्याचा कामगारांचा हक्क आला. याच कायद्यात कामाच्या जागेचे आरोग्य आणि सुरक्षितता यांचेही नियम होते. यंत्राचा आवाज आणि पडद्यावरून येणारा हुकूम, दोन्ही कामगाराच्या प्रकृतीशी निगडित आहेत, हे त्यात मान्य झाले.

तंत्राचे कामही चालूच होते. डेल्टा ही भाषा त्यांनी सहकाऱ्यांसह मुळात प्रणालीचे वर्णन करण्यासाठीच बनवली. ती संगणकावर चाललीच पाहिजे असा आग्रह नव्हता, माणसांना एकमेकांशी नेमके बोलता आले पाहिजे, हा होता. आधी समजून घ्या, मग मांडा आणि प्रोग्रॅम शेवटी लिहा, ही पुढच्या वस्तुनिष्ठ विश्लेषणाची दिशा तिच्यात दिसते. त्यानंतर डॅनिश सहकाऱ्यांबरोबर बीटा ही भाषा आली.

स्वभाव स्वस्थ बसण्याचा नव्हता. समाजाने टाकलेल्या मद्यपींना माणसासारखे जगता यावे म्हणून चाललेल्या एका प्रायोगिक संस्थेत त्यांनी काही वर्षे काम केले. नॉर्वेने युरोपीय संघात जाऊ नये यासाठीच्या चळवळीचे ते १९९० पासून नेते होते. नोव्हेंबर १९९४ च्या सार्वमतात ५२ टक्क्यांहून थोड्या अधिक मतदारांनी नकार दिला.

२००१ चा ट्युरिंग पुरस्कार दाल आणि नीगोर यांना मिळून जाहीर झाला. मान्यता मिळाली ती उशिरा. २९ जून २००२ रोजी दाल गेले आणि १० ऑगस्टला नीगोर, हृदयविकाराच्या झटक्याने. शेवटच्या महिन्यांत ते नवशिक्यांना ही पद्धत कशी शिकवावी यावर काम करत होते. दोन ओळींच्या चिमुकल्या प्रोग्रॅमने सुरुवात करणे त्यांना पसंत नव्हते. पहिल्याच धड्यात त्यांना एक अख्खे उपाहारगृह हवे होते, वेटर, गिऱ्हाइके आणि स्वयंपाकघर यांच्यासह.