आईसाठी बोटांवर उमटविलेले शब्द

टेलिफोनचे जनक म्हणून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे नाव सर्वपरिचित आहे. मात्र आवाज तारेवरून दूर पोहोचविण्याच्या कितीतरी आधी त्यांनी तो आपल्या आईपर्यंत पोहोचविला होता.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वडील उच्चारशास्त्राचे नामवंत शिक्षक होते, तर आई एलायझा यांना ऐकू येणे अत्यंत कमी झाले होते. इतर मंडळी त्यांच्या कर्ण्यात मोठ्याने बोलत. अलेक्झांडर मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, स्पष्ट स्वरात बोलत असे. दिवाणखान्यात मंडळी जमली, चार जण एकाच वेळी बोलू लागले, की हा मुलगा आईशेजारी बसून बोटांच्या वर्णमालेने चाललेले संभाषण तिला निःशब्दपणे सांगे.

१८७१ मध्ये बेल बोस्टन येथे कर्णबधिरांना शिकवू लागले. त्यांची विद्यार्थिनी मेबल हबर्ड हिचे बालपणीच तापामुळे श्रवण गेले होते. ती ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखत असे. १८७७ मध्ये दोघांचा विवाह झाला. तत्पूर्वी, १८७६ मध्ये टेलिफोन साकारला होता. पण त्यातील आवाज ना आईला ऐकू येणार होता, ना पत्नीला.

बेल यांनी ओठवाचन व वाचा-शिक्षणाचा हिरिरीने पुरस्कार केला आणि शाळांतील सांकेतिक भाषेला विरोध केला. ओठवाचनाची मर्यादा मात्र समूहातच उघडी पडते. नजर नव्या वक्त्याकडे वळेपर्यंत त्याचे निम्मे वाक्य संपलेले असते. शिवाय प, ब, म हे वर्ण ओठांवर सारखेच दिसतात. बेल यांच्या भूमिकेमुळे पिढ्यान् पिढ्या मुलांची भाषा हिरावली गेली, ही कर्णबधिर समाजाची व्यथा आजही कायम आहे.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल यांचे निधन झाले. अंत्यसंस्काराच्या वेळी अमेरिकेतील टेलिफोन काही क्षण मूक ठेवण्यात आले. आज श्रवणयंत्रे प्रगत झाली असली, तरी गोंगाटात ती अजूनही अपुरी पडतात. तेव्हा एकाने एका वेळी बोलणे, चेहरा उजेडात ठेवणे आणि शेजारी बसून सुटलेला धागा सांगणे, हेच उपयोगी पडते. एडिंबऱ्यातील त्या मुलाने आईसाठी नेमके हेच केले होते.